रखमाजीनं ऐकलेला आवाज

जुन्या जालन्यात धान्याच्या आडती जिथं संपतात आणि कापडवाल्यांची गल्ली सुरू होते, त्या कोपऱ्यावर रखमाजी न्हावी बसायचा. दुकान म्हणजे काय, तर एका आडत्याच्या ओट्याचा अर्धा भाग, वर तरटाचं छप्पर, खिळ्याला टांगलेला आरसा आणि गिऱ्हाइकाला बसायला एक पाट. पण हात असा हलका, की कचेरीतले कारकूनसुद्धा वाट वाकडी करून त्याच्याकडं यायचे. दाढी तो करीच, पण त्याचं खरं नाव झालं होतं ते दाढा काढण्यात. चिमटा धरायला बापानं शिकवलं होतं. बाप म्हणायचा, "ओढायचं न्हाई, रखमा. झुलवायचं. दाढच म्हनली पाह्यजे, आता मला जाऊ दे." रखमाजीनं ते इतकं अंगी मुरवलं होतं, की दाढ हातात दाखवली तरी माणूस विचारायचा, कधी काढताय म्हणून.

जर्मनची दुसरी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षाची गोष्ट. पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. तुळजाबाई माळीण डोक्यावरची पाटी उतरवून त्याच्या ओट्यापाशी आली. तिचा नवरा धर्मराज कुंडलिका नदीच्या काठी बटाईनं मळा करायचा आणि ती गल्लोगल्ली भाजी विकायची. वय पंचविशीच्या आतबाहेर. "मेथी घ्या, पालक घ्या, मिरचीऽऽ" अशी तिची खणखणीत हाळी कापडगल्लीच्या त्या टोकाला उठली, की या टोकाच्या बाया आधीच दारात येऊन थांबायच्या. त्या दिवशी मात्र डावा गाल लिंबाएवढा फुगलेला, आणि तीन दिवस पोटात अन्न नव्हतं.

"दादा, दुखल का रे?" तिनं विचारलं.

"बस माय. मला बघू तर दे."

खालची, सगळ्यात मागची दाढ होती. अर्धी वर आलेली, अर्धी मांसातच. रखमाजीनं लवंगेचं तेल लावलं, चिमटा बसवला आणि झुलवायला लागला. दाढ हलेना. मागं दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, एक कारकून घाईत होता, आडत्या ओट्यावरून बघत होता. रखमाजीनं मनगट जरा जोरानं वळवलं.

कट्ट.

दाढ सुटल्याचा आवाज त्याला पाठ होता. ओल्या चिखलातून पाय उपसावा तसा असतो तो. हा आवाज तसा नव्हता. तुरीची वाळलेली काडी, तुराटी, गुडघ्यावर मोडावी, तसा होता. दाढ चिमट्यात आली खरी, पण तिच्यामागं तुळजाबाईचा जबडा एका बाजूला सरकला. रखमाजीच्या डाव्या हाताला, हनुवटीखाली धरलेल्या बोटांना, ते कळलं. त्यानं वर पाहिलं. तुळजाबाई डोळे ताणून त्याच्याकडंच बघत होती.

असा जबडा मोडला तर काय करायचं, हेही त्याला ठाऊक होतं. बापानं एकदा दाखवलं होतं. तोंड मिटवायचं, हनुवटीखालून कापड घेऊन डोक्यावर करकचून बांधायचं, महिना-दीड महिना फक्त पातळ प्यायला द्यायचं. कापड हाताशीच होतं. पण बांधलं असतं तर कारकुनानं विचारलं असतं, आडत्यानं विचारलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, की रखमाजीनं माळणीचा जबडा मोडला.

त्यानं तुरटीत भिजवलेला कापूस तिच्या तोंडात दाबला आणि म्हणाला, "झालं बघ. मूळ जरा खोल गेल्तं. चार रोज सूज राहील, मंग उतरल."

"दातावर दात बसंना," ती कशीबशी बोलली.

"सुजेनं तसं वाटतं."

ती उठली. पाटी डोक्यावर घेताना तिच्या तोंडातून रक्ताळलेली लाळ पदरावर पडली, ती तिला कळलीही नाही. खालच्या ओठाची संवेदनाच गेली होती.

सूज चार दिवसांत उतरली नाही. ताप चढला, गाल दगडासारखा झाला आणि पंधरा दिवसांनी जबड्याखाली फुटून पू वाहायला लागला. धर्मराजानं आधी देवऋषी पाहिला, मग वैदू, आणि शेवटी खाटेवर घालून तिला मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जखम धुतली, आठवडाभर ठेवून घेतलं आणि तिचा जीव वाचवला. पण जाताना धर्मराजाला स्पष्ट सांगितलं, "आतलं हाड मोडलंय आणि सडायला लागलंय. हे आमचं काम नाही. नुसती जबड्याचीच कामं करणारे डॉक्टर असतात, त्यातला कोणीतरी गाठा." कुठं असतो असा डॉक्टर, असं धर्मराजानं विचारलं. मुंबईला असेल, हैद्राबादला असेल, ते म्हणाले. धर्मराज आयुष्यात औरंगाबादच्या पुढं गेलेला नव्हता.

गावात बोलणं झालंच, पण रखमाजीला भीती होती तसं नाही. कुणी म्हणालं, दाढ काढल्यावर तिनं दही खाल्लं असेल. कुणी म्हणालं, देवीचं काहीतरी राहिलं असेल. रखमाजीच्याच पाटावर बसून, गालाला साबण लागलेला असताना, माणसं हे बोलायची आणि वर म्हणायची, "बरं झालं तुझ्याकडून काढली, दुसऱ्या कुणी काढली असती तर त्याच्यावर नाव आलं असतं." रखमाजी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासत राहायचा.

चार महिन्यांनी तुळजाबाई पुन्हा भाजी घेऊन निघाली. चेहरा डावीकडं वाकलेला, पदर नाकापर्यंत ओढलेला, जबड्याखाली चिंधी. हाळी देता येत नव्हती. शब्द ओले आणि सैल पडायचे, पोरं हसायची. म्हणून तिनं एक पत्र्याचा डबा घेतला, त्यात चार खडे टाकले. डबा वाजला, की बायांनी समजायचं, माळीण आली.

गल्लीतून खडखडत येणारा तो डबा रखमाजीच्या ओट्यासमोर आला, की थांबायचा. तुळजाबाई समोरच्या बाजूला उभी राहायची. पाटी खाली ठेवायची नाही, बोलायची नाही. नुसती त्याच्याकडं बघायची. मोजून एक दाढी होईल एवढा वेळ. मग निघून जायची. रोज. पावसाळ्यात डोक्यावर पोतं घेऊन, उन्हाळ्यात पायाखाली पळसाची पानं बांधून, पण रोज.

रखमाजीनं दाढा काढणं बंद केलं. हात दुखतो, म्हणून सांगितलं. पण तो आवाज काही बंद झाला नाही. बाजारात उसाचं कांडं मोडलं की तो ऐकू यायचा. शेंगा फोडणाऱ्या बायांजवळून जाताना तो कानावर हात धरायचा. घरी त्याची बायको सगुणा चुलीला तुराट्या मोडायला बसली, की तो ताटावरून उठायचा.

"अवो, जेवता जेवता कुठं निघालात?"

"तू ते तसं मोडू नगंस."

"मंग काय आख्खी तुराटी घालू चुलीत?"

तेव्हापासून सगुणा अंगणाच्या पार पलीकडं, गोठ्यामागं जाऊन तुराट्या मोडायची आणि ओटीत घेऊन यायची. नवऱ्याला काय झालंय, हे तिला कळत नव्हतं. त्यानं सांगितलं नव्हतं. दाढी करताना त्याची बोटं आपोआप माणसाच्या जबड्यावरून फिरायची, कानाखालच्या बिजागरीपासून हनुवटीपर्यंत, दोन्ही बाजूंनी. हे शाबूत, हे शाबूत, असं तो मनात म्हणायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, म्हातारपणी रखमाजी माया करायला लागलाय. तो तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता.

एका वर्षी त्यानं ओटा सोडला आणि कुंडलिकेच्या पलीकडं, कादराबादेत एका झाडाखाली बसायला लागला. तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी सकाळी तो एका मुनिमाच्या मानेवर वस्तरा फिरवत होता, तोच रस्त्यावर खडखड ऐकू आली. डबा थांबला. त्यानं मान वर केली नाही, पण वस्तरा चुकला आणि मुनिमाच्या मानेवर रक्ताची बारीक रेघ उमटली. आठवड्याच्या आत रखमाजी परत जुन्या जागी आला.

मात्र एक काम तो गुपचूप करत होता. धर्मराजाला दवाखान्यात काय सांगितलं, ते गावातून त्याच्या कानावर आलं होतं. जबड्याची कामं करणारा डॉक्टर. तो त्याचा शोध घेत होता. परतूरच्या वैद्याला विचारलं, कादराबादच्या हकीमसाहेबांना विचारलं. आष्टीच्या बाजारात एकजण फडक्यावर दातांची रास मांडून बसतो असं कळलं, तर तिथंही गेला. औरंगाबादेला लग्नाला गेला तेव्हा वऱ्हाड सोडून सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन बसला. सगळीकडं तो एकच सांगायचा, "माझा मेव्हणा बैलगाडीवरून पडल्ता, जबडा मोडलाय." आणि सगळीकडून एकच उत्तर यायचं, की आणून दाखव. मेव्हणा असता तर दाखवला असता. मग तो गप घरी यायचा, आणि दुसऱ्या दिवशी डबा वाजायचा.

अशी सहा वर्षं गेली.

एका थंडीत भोकरदनचा रशीद नावाचा जवान त्याच्या पाटावर येऊन बसला. फौजेत मोटार चालवायचा, ब्रह्मदेशच्या लढाईवरून रजेवर आला होता, आणि गावची मोटार सुटायला अवकाश होता. दाढी भरघोस वाढलेली. रखमाजीनं साबण लावला आणि नेहमीसारखी बोटं जबड्यावरून फिरवली. उजव्या बाजूला हाडावर एक उंचवटा लागला. शिवण मारावी तसा. त्याची बोटं तिथंच थांबली.

"जरा जपून, उस्ताद," रशीद म्हणाला. "तिथं आतून तार हाय."

"मोडल्ता?"

"मोडल्ता? अर्धा उडाला व्हता. गोळ्याचा तुकडा लागला. जीभ लोंबत व्हती बाहेर."

रखमाजीच्या हातातला वस्तरा खाली आला. "मंग हे कोणी केलं?"

"सिकंदराबादेला फौजी दवाखाना हाय. तिथं एक आख्खा वार्ड नुसता जबड्यांचा. कुणाला हनुवटी न्हाई, कुणाला गाल न्हाई. डॉक्टर निजामोद्दीन साहेब म्हणून हायेत, कॅप्टन. दिवसभर तेच काम. मला सहा महिने ठिवलं. आता भाकर चावतो बराबर."

"फौजेतल्याच माणसाला बघत्यात?"

"दर जुमेरातला शहरातल्या सरकारी दवाखान्यात बसत्यात. तिथं कोणीबी जावं. का? कुणाचं हाय?"

रखमाजीच्या तोंडात मेव्हणा आलाच होता. पण समोर हा माणूस, आणि त्याच्या हाडावरची ती शिवण बोटांखाली. "हाय एक बाई," एवढंच तो म्हणाला.

त्या दिवशी त्यानं अर्धी राहिलेली गिऱ्हाइकं सोडून दिली, हत्यारांची धोपटी तशीच ओट्यावर टाकली आणि कुंडलिकेच्या काठानं मळ्याकडं निघाला. धर्मराज वांग्याला पाणी धरत होता. तुळजाबाई मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. रखमाजीला बांधावर पाहून धर्मराज खोरं घेऊन सरळ उभा राहिला. तो कधी कुणाला वेडंवाकडं बोलला नव्हता, पण आज त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. त्यावरून रखमाजीला कळलं, की या घराला सगळं ठाऊक आहे.

"डॉक्टर सापडलाय," रखमाजी म्हणाला. "जबड्याचा. सिकंदराबादेला. मी घिऊन जातो. सगळा खर्चा माझा."

पाटाचं पाणी वाफ्यातून उलटून वाहायला लागलं, तरी धर्मराज हलला नाही. शेवटी तुळजाबाईनं हातातली जुडी खाली ठेवली. सहा वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली. शब्द एकेक करून, तोंडावर पदर धरून.

"येते मी. पर एक ध्यानात ठेव, न्हावी. मी येऊन राह्यले ती माझ्या जबड्यासाठी. तुझ्या जिवासाठी न्हाई."

तिघं आगगाडीत बसली. परतूर गेलं, परभणी गेली, नांदेड गेलं, पुलाखालून गोदावरी गेली. तुळजाबाई खिडकीशी, मधे धर्मराज, आणि समोरच्या बाकावर रखमाजी. डब्यात कुणीतरी सुपारी फोडत होतं. अडकित्त्यात ती कडकन तुटायची, आणि रखमाजी दर वेळी डोळे मिटायचा. एकदा डोळे उघडले तर तुळजाबाई त्याच्याकडं बघत होती. ती ओट्यासमोर उभी राहून बघायची तशीच. मधे आता रस्ताही नव्हता.

जुमेरातला, म्हणजे गुरुवारी, ते दवाखान्याच्या रांगेत बसले. डॉक्टर निजामोद्दीन मूळचे औरंगाबादचे. मराठी सगळी कळायची, बोलायचे मात्र उर्दूत. अंगानं बारीक, चष्मा, बोलणं हळू. त्यांनी तुळजाबाईचा पदर स्वतःच्या हातानं बाजूला केला नाही, तिनं करेपर्यंत थांबले. मग बोटांनी जबडा दोन्हीकडून चाचपला, तोंडात दिवा धरून पाहिलं, ओठाला सुई टोचून विचारलं, लागतं का. तिला लागत नव्हतं. जबड्याच्या आतल्या हाडाचा फोटो काढायला पाठवलं. फोटो आला, तो खिडकीच्या काचेला लावून ते बराच वेळ बघत राहिले.

"दाढ किसने निकाली थी?" त्यांनी विचारलं.

धर्मराजानं जमिनीकडं पाहिलं. रखमाजी दाराशी उभा होता. "मी, साहेब."

डॉक्टरांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. "निकालते वक्त आवाज हुई थी? टूटने की?"

खोलीत पंखा फिरत होता. सवयीनं 'न्हाई साहेब' रखमाजीच्या जिभेवर आलंच होतं. बायकोपासून, गिऱ्हाइकांपासून, हकिमापासून, वैद्यापासून जे लपवत आला, तेच पुन्हा लपवायला.

"झाली व्हती," तो म्हणाला. "मला ऐकू आल्ता आवाज. हाताला बी कळालं व्हतं. त्याच टायमाला कळालं व्हतं, का जबडा मोडला. बांधायचं कसं ते बी ठावं व्हतं. लोक बघत व्हते म्हणून न्हाई बांधलं."

तुळजाबाईनं तोंडावरचा पदर सोडला. सुजलेला, वाकलेला, जबड्याखाली भोक पडलेला तो चेहरा तिनं त्याच्याकडं केला.

"मला न्हाई का ऐकू आल्ता?" ती म्हणाली. "माझ्या तर डोस्क्यात झाल्ता तो. तू वर बघितलंस तवाच मला समजलं, का तुला समजलं. म्हणून येत व्हते मी रोज. वाटायचं, आज सांगल. उद्या सांगल." लाळ ओठावरून गळत होती, ती पुसायचं तिला भान नव्हतं. "सहा वर्सं उभी राह्यले, न्हावी."

रखमाजी भिंतीला टेकून खाली बसला.

डॉक्टरांनी त्याला तसंच बसू दिलं. थोड्या वेळानं जवळ बोलावलं आणि काचेवरचा फोटो दाखवला. डाव्या बाजूला मोडलेलं हाड, किडलेल्या लाकडासारखं. मग उजव्या बाजूला बोट ठेवलं. तिथंही शेवटची दाढ हाडात आडवी रुतलेली होती आणि तिच्याभोवती अंड्याएवढी काळी पोकळी होती. गोल, गुळगुळीत. ही पोकळी जन्मापासूनच्या दोषानं वाढते, त्यांनी समजावलं. हाड आतून खाते, वर काही दिसत नाही. डावीकडंही अशीच असणार. हाड तिथं अंड्याच्या टरफलाएवढंच उरलं असणार.

"किसी के भी हाथ में टूटता," ते म्हणाले. "मेरे हाथ में भी शायद."

रखमाजी फोटोकडं बघत राहिला. सहा वर्षं तो स्वतःच्या मनगटाला शिव्या देत होता.

"लेकिन उसी दिन बांध देते," डॉक्टर त्याच हळू आवाजात म्हणाले, "तो बहुत कुछ बच जाता."

हे त्यांनी टोचायला म्हटलं नव्हतं, सांगितल्याशिवाय राहवत नाही तसं म्हटलं होतं. पण रखमाजीला वाटलं, आपल्या हातावरचं ओझं कुणीतरी उचललं आणि छातीवर नेऊन ठेवलं.

तुळजाबाईला बायकांच्या वार्डात ठेवून घेतलं. सडलेलं हाड काढलं, उजवीकडची पोकळी साफ केली, फौजेतलं नवं औषध सुईनं टोचलं, आणि वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकले. दोन महिने तोंड उघडायचं नाही. धर्मराज आठ दिवस राहिला. पण मळ्याला पाणी द्यायला कुणी नव्हतं. तो जायला निघाला, तेव्हा तुळजाबाईनं दात मिटलेल्या तोंडानंच रखमाजीला बजावलं, "तू हितंच राह्यचं."

तो राहिला. फाटकाबाहेर झाडाखाली दाढ्या करायचा आणि जवळच्या धर्मशाळेत निजायचा. डॉक्टरांना एकदा त्याचा हात दिसला, तेव्हापासून कापाकापीआधी रोग्यांची दाढी करायला ते त्यालाच आत बोलवायचे. मोडक्या जबड्यावरून वस्तरा फिरवणं सोपं नव्हतं. त्याच्या हाताखाली कुणी हूं की चूं केलं नाही. हनुवटीला चार टोकांचं फडकं कसं बांधायचं, हेही त्यानं तिथंच नीट शिकून घेतलं. बापाची रीत निम्मी बरोबर होती, निम्मी चुकीची. रोज दोन वेळा तो ज्वारीची आंबील शिजवून, फडक्यातून गाळून घेऊन जायचा. वार्डातली अकबरबी आया ती नळीच्या पेल्यातून तुळजाबाईला पाजायची. तो दाराबाहेर उभा राहायचा. भांडं रिकामं होऊन बाहेर आलं, की विसळून घेऊन जायचा.

तारा काढल्या त्या दिवशी जबडा एकसंध होता. भोक बुजलं होतं. गालावर खड्डा राहिला, आणि ओठाची संवेदना मात्र परत आली नाही. ती येणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तुळजाबाईनं आरशात पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं. दातावर दात बसला. दोन-तीनदा तिनं तसं करून पाहिलं.

रखमाजी दारात उभा होता. "तुळजाबाई," तो म्हणाला, "मला माफ..."

"ते मागू नगंस," ती म्हणाली. शब्द अजून ताठ होते, पण सुके होते. "ते माझ्यापाशी न्हाई. असतं तर दिलं असतं. तू एक कर. हितं डॉक्टरापुढं बोललास ते गावात बोल. त्याच ओट्यावर बसून."

जालन्याला आल्यावर रखमाजीनं आधी सगुणेला सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. ऐकून ती म्हणाली, "आन् मी उन्हातान्हात गोठ्यामागं जाऊन तुराट्या मोडून राह्यले." त्या संध्याकाळी तिनं त्याच्यासमोर बसून, एकेक करून, सगळी मोळी मोडली. तो उठला नाही.

मग त्यानं ओट्यावर सांगितलं. पाटावर बसणाऱ्या प्रत्येकाला. आडत्या म्हणाला, इतक्या वर्षांनी कशाला उकरतोस. तो कारकून हसला आणि म्हणाला, बाईच्या नादाला लागून याला खूळ लागलंय. पुष्कळांनी येणं सोडलं. ज्या वस्तऱ्याखाली बापापासून माना दिल्या, त्याच्याखाली मान द्यायला माणसं बिचकायला लागली. तो त्यांना दोष देत नव्हता. तुळजाबाई भाजी घेऊन कापडगल्लीत यायची, पण त्याच्या कोपऱ्यावरून वळायची नाही. दुसऱ्या गल्लीनं जायची. समोरचा रस्ता आता रिकामा असायचा, आणि त्या वेळेला रखमाजीचे डोळे तरीही तिथं जायचे. ती उभी असायची तेव्हा त्याला भीती वाटायची. आता ती नसायची, आणि भीती मात्र तिथंच उभी असायची.

पुढच्या तीन वर्षांत एक नवीनच गोष्ट झाली. दाढ दुखणारी माणसं परत त्याच्याकडं यायला लागली. काढायला नव्हे, विचारायला. कुणाच्या गालाला गाठ, कुणाचं तोंड उघडत नाही, कुणाचा जबडा निखळलेला. तो बोटांनी बघायचा आणि सांगायचा, हे इथं मिशनमध्ये होईल, हे होणार नाही, जुमेरात धरून सिकंदराबादेला जा. काहींना स्वतः गाडीत बसवून द्यायचा.

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा आला. रझाकारांच्या धामधुमीनं गावं हवालदिल झालेली, गाड्यांचा नेम राहिला नव्हता. त्याच दिवसांत सिकंदराबादेहून परतलेल्या एकानं सांगितलं, की डॉक्टर निजामोद्दीन आता तिथं नाहीत. कुठं गेले, कुणाला ठाऊक नव्हतं. आणि दोनच दिवसांनी आष्टीहून एक बैलगाडी आली. गाडीत मुकुंद नावाचा तरणाबांड गडी होता. बैलाची लाथ हनुवटीवर बसून त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. सोबत त्याची म्हातारी आई.

रखमाजीनं भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, त्याला फडकं बांधलं. चार टोकांचं, कसून. म्हातारीला ज्वारीची आंबील कशी गाळायची ते दाखवलं. मग धोपटी गुंडाळली आणि सगुणेला सांगावा धाडला, की मी येतो आठ-पंधरा दिवसांनी. गाडी त्यानं देऊळगाव राजाच्या रस्त्याला लावली. तिकडं वऱ्हाड, निजामाची हद्द संपते. अकोल्याला दातांचा एक मोठा डॉक्टर आहे, असं कुणीतरी कुणाला तरी सांगितलेलं त्याच्या कानावर होतं.

शिवार मागं पडलं तेव्हा म्हातारीनं विचारलं, "बापा, तिथं डॉक्टर हाय न्हवं खरंच?"

रखमाजीनं मुकुंदाच्या डोक्याखाली गवताची पेंढी नीट केली.

"मला ठाऊक न्हाई, माय," तो म्हणाला. "इचारत जाऊ."